सर्दीसाठी टॉन्सिल काढत नसतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या एकाच अंकात टॉन्सिलवर दोन मजकूर आले. तिसऱ्या पानावर तालुक्याच्या गावी होणाऱ्या शिबिराची जाहिरात: तपासणी मोफत, शस्त्रक्रिया सवलतीत, आणि वर ठळक ओळ, ‘मुलांच्या सततच्या सर्दी-खोकल्यातून कायमची सुटका’. आरोग्याच्या पानावर मथळा, ‘टॉन्सिल काढल्यास श्वसनाचे आजार तिप्पट’. आमच्या गल्लीतल्या एका सुनबाईनं दोन्हींचे फोटो मला पाठवले आणि खाली एवढंच लिहिलं, ‘मावशी, आता काय करू?’ तिच्या सहा वर्षांच्या लेकराचं नाव शिबिरात घातलेलं आहे.

कोणत्या लेकराचे टॉन्सिल काढायचे आणि कशासाठी, हे मात्र दोन्ही मजकुरांत कुठंच नाही. म्हणून हे पत्र. मी मराठवाड्यातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातून परिसेविका म्हणून निवृत्त झाले. नोकरीचा मोठा काळ कान-नाक-घशाच्या वॉर्डात आणि थिएटरात गेला. मी डॉक्टर नाही. पण ऑपरेशन झाल्यावर रात्रभर लेकराच्या उशाशी बसणारी सिस्टर असते, आणि ‘हे कशाला केलं हो?’ हा आईचा प्रश्नही पहाटे तिलाच येतो. पत्र लांबणार आहे. कात्री लावायचीच तर माझ्या आठवणींना लावा, आकड्यांना नको.

आधी जाहिरात. नाक गळणं, शिंका, रात्रीचा कोरडा खोकला, छातीतली घुरघुर, दमा, यांच्यासाठी टॉन्सिल काढत नसतात. काढले तरी हे थांबत नाही. नुकतंच अंगणवाडीत, शाळेत जायला लागलेल्या धडधाकट लेकरालासुद्धा वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होते. पावसाळ्यात आणि थंडीत या सर्द्या एकमेकींना लागून येतात, आणि आईला वाटतं एकच सर्दी चार महिने चालली आहे.

त्यात आपला मुलूख. दसरा-दिवाळीला सोयाबीनची रास निघते. मळणीयंत्रातून भुसकटाचा लोट उडत असतो आणि लेकरू तिथंच बांधाला झोपवलेलं असतं. पुढं कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या, तुरी झोडपून झाल्या की तुराट्या, सगळं चुलीत. गॅसची टाकी घरात असते, पण ती पाहुणे आल्यावर चहापुरती. बापाची बिडी वेगळीच. असं लेकरू खोकत दवाखान्यात येतं, तोंड उघडतं, आणि मागं दोन टपोऱ्या लालसर गाठी दिसतात. धूर दिसत नाही, धूळ दिसत नाही, गाठी दिसतात. मग दोष त्यांच्यावर. खरं म्हणजे चार ते दहा या वयात टॉन्सिल मोठे असणं हेच स्वाभाविक. त्या वयात त्यांचं काम जोरात चाललेलं असतं, आणि वयात येता येता ते आपोआप आकसतात. (गावाकडं याच घशासाठी ‘पडजीभ पडली’ म्हणून अंगठ्यानं टाळू दाबणाऱ्या म्हाताऱ्या होत्या, अजून आहेत. त्यांना हसणारे लोक शिबिराच्या रांगेत उभे राहतात तेव्हा मला गंमत वाटते.)

नुसत्या नजरेनं टॉन्सिल ठरवायला गेलं की काय होतं, याचा एक जुना दाखला आहे. १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये अकरा वर्षांच्या १,००० शाळकरी मुलांची पाहणी झाली. ६११ जणांचे टॉन्सिल आधीच निघालेले होते. उरलेल्या ३८९ मुलांना डॉक्टरांसमोर उभं केलं. १७४ जणांना ऑपरेशन सांगितलं. ज्यांना ‘गरज नाही’ म्हटलं ती २१५ मुलं दुसऱ्या डॉक्टरांपुढं नेली. त्यांतल्या ९९ जणांना ऑपरेशन. उरलेली ११६ तिसऱ्यांदा दाखवली. ५१ जणांना ऑपरेशन. शेवटी हजारांतली ६५ मुलं राहिली. प्रत्येक खेपेला समोर असतील त्यांतल्या साधारण निम्म्यांना डॉक्टर ‘काढा’ म्हणत गेले. आमच्या विभागातले एक सर नव्या निवासी डॉक्टरांना ही गोष्ट ऐकवायचे आणि वर म्हणायचे, ‘घशात टॉर्च मारण्याआधी आईला विचारा, ताप किती वेळा आला.’

तो ‘किती वेळा’चा हिशेब जगभर मान्य आहे. अमेरिकेत पिट्सबर्गच्या जॅक पॅराडाइझ या बालरोगतज्ज्ञांनी १९८४ साली त्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि पुढच्या बहुतेक मार्गदर्शक सूचना त्यावरच उभ्या आहेत. घसा सुजण्याचे खरेखुरे झटके एका वर्षात सात किंवा जास्त. नाहीतर लागोपाठ दोन वर्षं दरवर्षी पाच. नाहीतर तीन वर्षं दरवर्षी तीन. आणि ‘घसा खवखवला’ याला झटका म्हणत नाहीत. घसादुखीसोबत १०१ फॅरनहाइटच्या वर ताप, किंवा टॉन्सिलवर पांढरे-पिवळे ठिपके, किंवा मानेत दुखऱ्या गाठी, किंवा तपासणीत स्ट्रेप्टोकोकस हा जंतू सापडलेला, यांपैकी काहीतरी हवं, आणि ते त्या त्या वेळी कागदावर नोंदलेलं हवं. अशा बेजार मुलांना ऑपरेशनचा फायदा झाला, पहिली दोन वर्षं तरी. पण त्याच अभ्यासात ज्यांचं ऑपरेशन केलं नव्हतं, त्यांतल्याही बऱ्याच जणांचा त्रास पुढं आपोआप कमी झाला. आणि कमी त्रासाच्या मुलांवरचा याच डॉक्टरांचा २००२ सालचा अभ्यास सांगतो की तिथं फायदा इतका थोडा असतो की ऑपरेशनची जोखीम आणि वेदना पत्करावी असं वाटत नाही.

हा आपल्याकडच्याच डॉक्टरांचा दोष आहे असं मात्र कुणी समजू नये. बर्मिंगहॅम विद्यापीठानं ब्रिटनमधल्या सोळा लाखांवर मुलांच्या २००५ ते २०१६ या काळातल्या नोंदी तपासल्या. टॉन्सिल काढलेल्यांपैकी निकषात बसणारी मुलं किती निघाली? ११.७ टक्के. आठांत एक. प्रत्येक घरामागं ठरलेला डॉक्टर आणि प्रत्येक भेटीची नोंद असलेल्या देशाची ही गत. आपल्याकडं तर लेकरू एकदा केजला दाखवतात, एकदा अंबाजोगाईला, एकदा मामाच्या गावी, आणि चिठ्ठ्या ओल्या होऊन खिशातच विरतात. शिबिरात विचारलं की आई म्हणते, ‘सारखंच आजारी असतंय बघा.’ तिचं खोटं नसतं. पण ‘सारखंच’ यात सर्दी आली, खोकला आला, जंत आले, शाळा बुडवायचं पोटदुखणंसुद्धा आलं.

म्हणून मी त्या सुनबाईला सांगितलं तेच इथं लिहिते. शंभर पानी वही घ्या, पोराच्याच दप्तरातली. घसा दुखला की तारीख. थर्मामीटर लावून ताप. घशात ठिपके होते का, मानेत गाठ लागली का. कोणत्या डॉक्टरनं काय दिलं, किती दिवस दिलं. शाळा किती दिवस बुडाली. नुसती सर्दी असेल तर तसं लिहा, घशात मोजू नका. सहा महिन्यांत वहीच सांगते. आणि डॉक्टरसुद्धा वही पाहून खुर्चीत सरसावून बसतात, हे मी पाहिलेलं आहे.

या वहीचा आणखी एक उपयोग. घसा बहुतेक वेळा विषाणूंनी दुखतो आणि त्याला अँटिबायोटिक लागत नाही. पण स्ट्रेप्टोकोकसचा असेल तर पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनचा कोर्स पूर्ण दहा दिवसांचा असतो. आपल्याकडं तिसऱ्या दिवशी ताप उतरला की बाटली फडताळात जाते, पुढच्या वेळी धाकट्याला पाजायला. या अर्धवट औषधाची किंमत घशाला नाही, हृदयाला मोजावी लागते. याच जंतूच्या मागून येणाऱ्या संधिवाताच्या तापानं हृदयाच्या झडपा खराब झालेली चौदा-पंधरा वर्षांची मुलं मेडिसिनच्या वॉर्डात धापा टाकताना मी पाहिली आहेत. टॉन्सिलच्या भीतीनं शिबिरात धावणाऱ्या आईबापांनी त्याआधी ही बाटली तळापर्यंत संपवावी.

आता उलट बाजू, कारण माझं एवढंच वाचून कुणी लेकराचं गरजेचं ऑपरेशन रद्द करू नये. टॉन्सिल काढण्याचं दुसरं मोठं कारण श्वास आहे, आणि आपल्याकडं त्याकडंच दुर्लक्ष होतं. घोरणाऱ्या पोराला आजी कौतुकानं म्हणते, ‘कसं गाढ झोपलंय.’ पण घोरता घोरता आवाज मधेच बंद होतो, छाती ओढली जाते पण हवा जात नाही, मग दचकून मोठा श्वास. लेकरू मान मागं टाकून, तोंड उघडं ठेवून झोपतं, घामाघूम होतं, मोठं झालं तरी अंथरूण ओलं करतं, वर्गात पेंगतं नाहीतर सैरभैर असतं, वजन धरत नाही. टॉन्सिल आणि नाकामागची अॅडिनॉइडची गाठ मिळून श्वासाची वाट अडवतात, त्याचं हे लक्षण. इथं वर्षाला सात झटके मोजत बसायचं नसतं. मोबाइलवर झोपेचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. अमेरिकेत पाच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ साली आले: ऑपरेशन केलेल्या ७९ टक्के मुलांचा झोपेतला श्वास सात महिन्यांत पूर्ववत झाला, नुसतं लक्ष ठेवलेल्यांपैकी ४६ टक्क्यांचा. मुलं झोपायला लागली, घरचे झोपायला लागले. याशिवाय टॉन्सिलशेजारी पू धरणं, एकाच बाजूचा टॉन्सिल भराभर वाढणं, ही कारणं वेगळी. त्यांत वेळ काढू नये.

आणि म्हणूनच मला तुमच्या दुसऱ्या मथळ्याचा राग आला. अशा घोरणाऱ्या, गुदमरणाऱ्या लेकराच्या आईनं तो वाचला आणि ऑपरेशनची तारीख पुढं ढकलली तर? बातमी ज्या अभ्यासाची आहे तो २०१८ साली प्रसिद्ध झालेला. डेन्मार्कमध्ये १९७९ ते १९९९ या काळात जन्मलेल्या जवळजवळ बारा लाख मुलांच्या सरकारी नोंदी घेतल्या, ज्यांचे टॉन्सिल किंवा अॅडिनॉइड नऊ वर्षांच्या आत निघाले ती मुलं वेगळी केली आणि जास्तीत जास्त तिसाव्या वर्षापर्यंत त्यांना काय काय आजार झाले ते पाहिलं. टॉन्सिल काढलेल्यांत श्वसनमार्गाच्या वरच्या भागातल्या आजारांचं प्रमाण इतरांच्या २.७२ पट निघालं. हीच तुमची ‘तिप्पट’. टॉन्सिल आणि अॅडिनॉइड दोन्ही काढलेल्यांत संसर्गजन्य आजार १७ टक्क्यांनी जास्त आढळले. तो आकडा मथळ्याला फिका पडला असावा.

अभ्यास मोठा आहे, दुर्लक्ष करण्यासारखा मुळीच नाही. पण तो नोंदींचा आहे. चिठ्ठ्या टाकून अर्ध्या मुलांचे टॉन्सिल काढले आणि अर्ध्यांचे ठेवले, असं झालेलं नाही. ज्यांचे काढले ती मुळातच घशाची, श्वासाची दुबळी लेकरं होती. पुढं त्यांना जास्त आजार झाले ते ऑपरेशनमुळं की मुळातल्या दुबळेपणामुळं, हे अशा नोंदींतून पुरतं सुटं होत नाही. संशोधकांनी नऊ वर्षांपर्यंतचं आजारपण हिशेबात धरलं होतं, हे खरं. तरी त्या नोंदी रुग्णालयांच्या होत्या. गल्लीतल्या डॉक्टरकडं गेलेला घसा त्यांत नाही. तेव्हा या अभ्यासाचा अर्थ मी असा लावते: गरज नसताना हात लावू नका. गरज असेल तर याच्या धाकानं मागं सरू नका.

टॉन्सिल गेले म्हणजे अंगातली ताकदच गेली, हेही खरं नाही. जिभेच्या मुळाशी, नाकामागं, घशाच्या भिंतीत त्याच जातीच्या गाठींचं एक कडंच असतं आणि ते काम करत राहतं. पण टॉन्सिल अगदी उपऱ्यासारखे बसलेले असतात असंही नाही. पोलिओची लस घेतलेल्या मुलांचे टॉन्सिल-अॅडिनॉइड काढल्यावर त्यांच्या नाक-घशातली पोलिओविरुद्धची प्रतिपिंडं झपाट्यानं घटली, हे १९७१ मध्येच दिसलं होतं. पोलिओची साथ असताना हे ऑपरेशन करू नये, असं आमच्याकडच्या पाठ्यपुस्तकांत तेव्हा लिहिलेलं असायचं. त्याच यादीत आणखी एक ओळ होती: हिमोग्लोबिन दहाच्या खाली असेल तर नको. आपल्या भागातल्या किती लेकरांचं दहाच्या वर असतं, हे शिबिरवाल्यांनी टेबलाशी बसून मोजावं.

रक्ताचा विषय निघालाच आहे तर ज्यासाठी खरं पत्र लिहायला घेतलं तिथं येते. टॉन्सिलचं ऑपरेशन लहान असतं, असं सगळे म्हणतात. थिएटरात ते लहानच असतं. खांद्याखाली वाळूची पिशवी, मान मागं, तोंड उघडं ठेवायला गॅग, आणि सराईत हातांना फार वेळ लागत नाही. नंतर लेकराला कुशीवर झोपवतात, म्हणजे रक्त असेल तर ते बाहेर येईल, श्वासात जाणार नाही. आम्ही नव्या मुलींना पहिली गोष्ट शिकवायचो ती घशाकडं बघायची. झोपेत लेकरू सारखं आवंढा गिळत असेल तर ते रक्त गिळतंय असं समजायचं आणि डॉक्टरांना उठवायचं. उशी कोरडी असते, ओठ कोरडे असतात, आणि नाडी मात्र वाढत जाते.

हे पहिल्या चोवीस तासांतलं, आणि तोवर लेकरू आमच्या नजरेखाली असतं. दुसरं रक्त येतं पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान, जखमेवरचा पांढरा पापुद्रा सुटायला लागतो तेव्हा. तो पांढरा थर पू नसतो, त्याला घाबरून बोटानं पुसू नये. कान दुखेल, तेही घशाचंच दुखणं असतं. लेकरू गिळायला घाबरतं म्हणून त्याला उपाशी ठेवू नका. थंड दूध, आइस्क्रीम, ताकभात, पाणी, जे घेईल ते द्या. जेवढं गिळेल तेवढी जखम चांगली भरते. पण थुंकीत लाल रक्त दिसलं, काळपट उलटी झाली, की सकाळची वाट पाहायची नाही. १०८ लावायचा.

आता बीड-धारूरकडचा हिशेब बघा. मुकादमाची उचल हातात येते ती ऊसतोडीला निघायच्या आधी. घरात रोख पैसा असतो तो तेवढाच. मग ‘जाण्याआधी लेकराचं काम उरकून घेऊ’ म्हणून ऑपरेशन होतं, आणि टोळी निघते नेमकी त्या पाचव्या ते दहाव्या दिवसात. असं एक लेकरू पहाटे आमच्या कॅज्युअल्टीत आलं होतं. वाटेत ट्रकमध्ये काळी उलटी झाली म्हणून ड्रायव्हरनं गाडी वळवली. तो माणूस शहाणा. रक्त चढवावं लागलं, परत थिएटरात नेऊन रक्तवाहिनी बांधावी लागली. लेकरू वाचलं. आई सांगत होती, ‘दुपारपासून सारखा आवंढा गिळत होता, मला वाटलं घसा दुखतोय.’ तिच्याजवळच्या डिस्चार्ज कागदावर तीन औषधं होती आणि ‘८ दिवसांनी दाखवणे’. आठव्या दिवशी ते कुटुंब ऊसतोडीच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहायला जाणार होतं, दुसऱ्याच जिल्ह्यात. हे कागद लिहिणाऱ्याला ठाऊक नसेल, कारण विचारलंच नसेल.

तेव्हा शिबिर घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. प्रत्येक लेकराच्या कागदावर ऑपरेशनचं कारण लिहा: घशाचे किती झटके, कोणत्या वर्षांत, की श्वासाचा अडथळा. ‘वारंवार सर्दी-खोकला’ हे कारण चालणार नाही. हिमोग्लोबिन लिहा. पुढचे पंधरा दिवस कुटुंब कुठं असणार आहे ते विचारा, आणि ऊसतोडीला जाणारं असेल तर परत आल्यावर उन्हाळ्यात करा. घशाच्या झटक्यांसाठीचं ऑपरेशन तेवढं थांबू शकतं. श्वास अडत असलेलं लेकरू थांबू शकत नसेल तर त्याच्यासोबत एक माणूस गावी ठेवायची सोय आधी करा. आईबापांनो, मनात शंका असेल तर छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड, कुठल्याही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घशाची ओपीडी असते. वही घेऊन तिथं दुसरं मत घ्या. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका, घोरण्याचा व्हिडिओ त्यांनाही दाखवा.

आणि संपादक महाशय, तुमच्याकडं एक मागणं. शिबिराच्या जाहिरातीत ऑपरेशनची तारीख आणि पाहुण्यांची नावं मोठ्या अक्षरात असतात. ऑपरेशननंतर दहा दिवस रात्री-बेरात्री फोन कोण उचलणार, आणि रक्त आलं तर कोणत्या रुग्णालयात थिएटर उघडणार, हे त्याच आकाराच्या अक्षरात छापायला सांगा. ते सांगता येत नसेल त्यांची जाहिरात घेऊ नका.

आपली,
एक निवृत्त परिसेविका
ता. केज, जि. बीड
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)